ग्रीझवीझल व्ही४: फ्लॉपीत अडकलेले गेम बाहेर काढणारी छोटी पाटी

जुनी फ्लॉपी सापडली की बहुतेक जण आधी ऑनलाइन मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवतात. फ्लॉपी पीसीवर फॉरमॅट केलेली, १.४४ एमबीची आणि धडधाकट असेल तर त्यावर भागतं. पण अमिगासारख्या जुन्या संगणकाची फ्लॉपी घातली, बुरशी आलेली घातली किंवा कॉपी प्रोटेक्शनवाली घातली, की विंडोज विचारतं, ‘फॉरमॅट करू का?’ तिथे चुकून ‘हो’ दाबलं की विषय संपला. सव्वापाच इंची फ्लॉपी तर त्या ड्राइव्हच्या तोंडातही जात नाही.

दोष त्या ड्राइव्हच्या आतल्या कंट्रोलरचा असतो. तो फ्लॉपीवरचा सिग्नल स्वतःच वाचतो, स्वतःच त्याचा अर्थ लावतो आणि संगणकाला फक्त तयार सेक्टर, म्हणजे डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे, देतो. अर्थ लागला नाही तर नुसती एरर. मूळ सिग्नल कसा होता हे कळायला मार्ग नाही. ग्रीझवीझल, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह आणि संगणक यांच्यामध्ये बसणारी सर्किटची पाटी, नेमकी हीच दोन कामं वेगळी करतो. हेडखालून चुंबकीय दिशा कधी कधी बदलली त्या क्षणांमधलं अंतर तो मोजतो आणि जसंच्या तसं संगणकाकडे पाठवतो. अर्थ लावायचं काम संगणकावरच्या सॉफ्टवेअरचं. ७२० केबीच्या फ्लॉपीत ही अंतरं साधारण ४, ६ आणि ८ मायक्रोसेकंदांची असतात, १.४४ एमबीत त्याच्या निम्मी. हा कच्चा माल म्हणजे फ्लक्स. फ्लक्स एकदा नीट हाती आला की फ्लॉपी पुन्हा न फिरवता त्यावर हवे तितके प्रयोग करता येतात. शेवटच्या घटका मोजणाऱ्या फ्लॉपीच्या बाबतीत तर एवढ्यासाठीच ही पाटी घ्यावी.

केअर फ्रेझर यांचा हा प्रकल्प, सॉफ्टवेअर पूर्ण खुलं आणि मोफत. व्ही४ ही पाटी तळहातावर मावते: एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ३४ पिनांचा फ्लॉपीचा कनेक्टर आणि साडेतीन इंची ड्राइव्हला वीज देणारा छोटा चार पिनांचा कनेक्टर. परदेशात ती साधारण ३० ते ४० डॉलरच्या आसपास मिळते. आपल्याकडे मागवताना टपालखर्च आणि कस्टम्स वेगळं धरायचं. डबी सोबत येत नाही, ड्राइव्हही येत नाही, आणि खरा खर्च तिथेच आहे.

पाटी कितीही चांगली असली तरी वाचतो तो ड्राइव्ह. साडेतीन इंचीसाठी जुन्या पीसीतून काढलेला कुठलाही १.४४ एमबीचा ड्राइव्ह चालतो, आणि त्याच ड्राइव्हवर पीसी, अमिगा, अटारी एसटी, इतकंच काय मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉप्याही वाचता येतात. मॅकचा मूळ ड्राइव्ह ट्रॅकनुसार, म्हणजे फ्लॉपीवरच्या गोल पट्ट्यांनुसार, वेग बदलायचा. फ्लक्स घेताना त्याने काही अडत नाही. लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा जुन्या बाजारात असे ड्राइव्ह अजून हाती लागतात. एक घेऊ नका, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे घ्या. फ्लॉपी ज्या ड्राइव्हवर लिहिली गेली त्याचं हेड किंचित सरकलेलं असेल तर एका ड्राइव्हवर मेलेली फ्लॉपी दुसऱ्यावर सुरळीत वाचली जाते. हे इतक्या वेळा होतं की बाकी सगळे उपाय करण्याआधी ड्राइव्ह बदलून बघणं सोपं.

सव्वापाच इंचीचं प्रकरण जरा किचकट. ३६० केबीच्या फ्लॉपीवर ४० ट्रॅक असतात, १.२ एमबीच्या ड्राइव्हचं हेड ८० पायऱ्या चालतं आणि फ्लॉपी मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेरे फिरते. वाचायला अडचण नाही: ट्रॅकच्या पर्यायात ‘स्टेप’ २ द्यायचं, म्हणजे हेड एकाआड एक पायरी घेतं. वेगातला फरक सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. मात्र त्याच ड्राइव्हने मूळ ३६० केबीच्या फ्लॉपीवर लिहू नका. त्याचं हेड अरुंद असतं, जुन्या रुंद पट्ट्याच्या कडा तशाच शिल्लक राहतात, आणि खऱ्या ३६० केबीच्या ड्राइव्हला जुनं-नवं एकत्र ऐकू येऊन तो गोंधळतो.

विजेत सगळ्यात जास्त घोटाळे होतात. साडेतीन इंची ड्राइव्हला फक्त ५ व्होल्ट लागतात, म्हणून पाटीच्या कनेक्टरवरून भागतं. पण मोटर सुरू होताना जुना ड्राइव्ह एकदम जास्त करंट ओढतो, आणि लॅपटॉपचं पोर्ट किंवा स्वस्त हब तेवढं देत नाही. लक्षण असं की मोटर एक गचका घेते आणि पाटी संगणकावरून गायब होते. सव्वापाच इंचीला १२ व्होल्टही हवेत. ते पाटीवरून मिळत नाहीत. जुन्या संगणकाचा एसएमपीएस (विजेचा डबा) घ्या, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही एका काळ्या तारेला जोडा, म्हणजे तो मदरबोर्डशिवाय सुरू होतो. ड्राइव्हला एसएमपीएसची वीज दिली असेल तर पाटीवरून येणारी वीजतार काढून ठेवा. दोन्हीकडून एकदम वीज देऊन प्रयोग करायची ही जागा नव्हे.

रिबन केबलची लाल कड म्हणजे एक नंबरची पिन. केबल उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा सतत जळत राहतो. काही जळून जात नाही, पण वाचनही होत नाही. पीसीच्या केबलला मधे पीळ असतो. पिळाच्या पुढच्या टोकाला ड्राइव्ह असेल तर तो ‘ए’, अलीकडे असेल तर ‘बी’, आणि सॉफ्टवेअरला तसं सांगावं लागतं. ‘ट्रॅक झीरो सापडला नाही’ असा संदेश आला तर बहुतेक वेळा ‘ए’-‘बी’ची चूक असते, नाहीतर ड्राइव्हला वीजच पोहोचलेली नसते. इंडेक्स म्हणजे प्रत्येक फेरीची सुरुवात सांगणारी खूण. ‘नो इंडेक्स’ आला तर फ्लॉपी नीट बसलेली नाही, मोटर फिरत नाही किंवा फ्लॉपी उलटी घातली आहे. उलटी घालण्यालाही कारण असतं: कमोडोर ६४ आणि ॲपल टूच्या काळात लोक फ्लॉपीला दुसरी खाच पाडून ती पालथी करून दुसरी बाजू वापरायचे. पीसीच्या ड्राइव्हला तेव्हा इंडेक्सचं भोक सापडत नाही. ग्रीझवीझलमध्ये खोटा इंडेक्स देण्याची सोय आहे, २०० मिलिसेकंदांचा. पण बरेच ड्राइव्ह खरा इंडेक्स दिसल्याशिवाय डेटाच सोडत नाहीत, तिथे ही सोयही उपयोगी पडत नाही.

सॉफ्टवेअर विंडोजवर नुसती झिप उघडून चालतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज १० किंवा ११ पाटीला कॉम पोर्ट म्हणून ओळखतं. सगळं कमांडवर चालतं. सुरुवातीला ‘इन्फो’ने पाटी ओळखली गेली का बघा, ‘आरपीएम’ने ड्राइव्हचा वेग मोजा. ३०० च्या जागी २९० दिसत असेल तर मोटरचा पट्टा किंवा वंगण बघावं लागेल. कमांडची धास्ती असेल त्यांच्यासाठी ‘फ्लक्स माय फ्लफी फ्लॉपी’ नावाचं खिडकीवालं वेष्टन आहे. ते ठीक आहे, पण काय बिघडलं हे कळायला शेवटी खालच्या काळ्या चौकटीतल्या ओळीच वाचाव्या लागतात.

फ्लॉपी आत घालण्याआधी ती लिहिण्यापासून सुरक्षित करा. इथे दोन पिढ्यांचे नियम उलटे आहेत: साडेतीन इंचीत भोक उघडं म्हणजे सुरक्षित, सव्वापाच इंचीत खाच झाकलेली म्हणजे सुरक्षित. ग्रीझवीझल स्वतःहून काही लिहीत नाही. विंडोज ९५ आणि ९८ मात्र फ्लॉपी अशी सुरक्षित केलेली नसली की फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधलं नाव गुपचूप बदलत, त्यामुळे त्या काळच्या यंत्रावर ‘जरा बघू’ म्हणून मूळ फ्लॉपी घालणं टाळावं.

वाचन करताना दोन सवयींपैकी दुसरी लावून घ्या. पहिली, सरळ १.४४ एमबीचा फॉरमॅट देऊन ‘आयएमजी’ फाइल बनवणं: जलद, पण फ्लक्स फेकला जातो. दुसरी, ‘रॉ’ हा पर्याय आणि फॉरमॅट दोन्ही देऊन ‘एससीपी’ फाइल बनवणं. यात कच्चा फ्लक्स साठतो आणि त्याच वेळी प्रत्येक ट्रॅकचे १८ पैकी किती सेक्टर बरोबर आले हेही पडद्यावर दिसतं. फॉरमॅट न देता नुसती एससीपी घेतली तर यंत्र मुकाट्याने दोन्ही बाजूंचे सगळे ट्रॅक उचलतं, आणि त्यातले निम्मे कचरा होते हे नंतर कळतं. एका ट्रॅकच्या तीन फेऱ्या घेतल्या तर पूर्ण फ्लॉपीला दोनेक मिनिटं लागतात आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीची फाइल साधारण ७० एमबीच्या घरात जाते. डिस्कची जागा स्वस्त आहे, कंजुषी नको. मागाहून ‘कन्व्हर्ट’ने त्यातून आयएमजी, अमिगाची एडीएफ, कमोडोरची डी६४, काय हवं ते काढता येतं.

शेवटी पडद्यावर टिंबं आणि फुल्यांचा एक नकाशा येतो. या पाटीचा सगळ्यात उपयोगी भाग हाच, पण वाचायला शिकावा लागतो. एका बाजूचे सगळेच ट्रॅक फुल्यांनी भरले असतील तर त्या बाजूचं हेड घाण आहे, फ्लॉपी बहुधा ठीक आहे. दर वाचनाला फुल्यांची जागा बदलत असेल तर धूळ किंवा बुरशी. तीच जागा, तोच सेक्टर पुन्हा पुन्हा असेल तर ओरखडा, नाहीतर कॉपी प्रोटेक्शन. शेवटच्या, म्हणजे आतल्या ट्रॅकवरच फुल्या वाढत असतील तर चुंबकीय थर थकला आहे. आतल्या ट्रॅकचा घेर लहान, त्यामुळे तिथे डेटा दाटीने बसलेला असतो. आणि सुरुवातीचे ट्रॅक साफ असून पुढे पुढे सगळंच बिघडत गेलं तर तिथेच थांबा. फ्लॉपीवरचा थर निघून हेडवर चिकटतोय, आणि घाण हेड पुढच्या प्रत्येक फेरीत फ्लॉपी खरवडतं. चिरकल्यासारखा आवाज आला तर वाचन पूर्ण होण्याची वाटही बघू नका.

कोकणात आणि मुंबईत ट्रंकेत, माळ्यावर राहिलेल्या फ्लॉप्यांची मुख्य व्याधी बुरशी. साडेतीन इंचीचं पत्र्याचं झाकण सरकवून मधली चकती बोटाने फिरवा आणि उजेडात तिरकी धरून बघा: पांढुरके ठिपके किंवा धुरकट वर्तुळं दिसली की ती आधी साफ करायची, मग ड्राइव्हमध्ये. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाले आयपीए म्हणतात ते, चांगल्या कापसाच्या काडीला लावून हलक्या हाताने फिरवा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी फार. सव्वापाच इंचीत वेष्टनाची एक कड ब्लेडने उघडून चकती बाहेर काढता येते. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ती धुवायची, साध्या डिस्टिल्ड पाण्यातून काढायची, सावलीत पूर्ण वाळवायची आणि एखाद्या निरुपयोगी फ्लॉपीच्या स्वच्छ वेष्टनात घालायची. जुनं वेष्टन वापरू नका, बुरशी त्याच्या अस्तरातही असते. प्रत्येक संशयित फ्लॉपीनंतर हेड पुसायचं. वरचं हेड नाजूक पात्यावर असतं, ते फार उचललं तर कायमचं वाकडं होतं.

आणखी एक नेहमीची अडचण: १.४४ एमबीची फ्लॉपी अमिगावर किंवा जुन्या पीसीवर ७२० केबी म्हणून वापरलेली. पीसीचा ड्राइव्ह कोपऱ्यातलं दुसरं भोक बघून ती जास्त घनतेची समजतो आणि सिग्नलची गाळणी तशी लावतो. त्या भोकावर काळी चिकटपट्टी लावली की बऱ्याच वेळा फुल्या एकदम कमी होतात.

तरीही काही सेक्टर गेले तर? आयएमजी फाइलमध्ये ग्रीझवीझल त्या जागी ‘बॅड सेक्टर’ हे इंग्रजी शब्द ओळीने भरून ठेवतो. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट थेट दाखवणारा प्रोग्रॅम) ते शोधले की नुकसान नेमकं कुठे ते कळतं. त्याच गेमची दुसरी प्रत मिळाली तर एका प्रतीतला चांगला सेक्टर दुसऱ्यात भरता येतो. १.४४ एमबीच्या फ्लॉपीचा हिशेब सोपा: सिलिंडरचा (दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या ट्रॅकच्या जोडीचा) आकडा दुप्पट करा, त्यात हेडचा (० किंवा १) मिळवा, १८ ने गुणा, सेक्टरच्या आकड्यातून एक वजा करून मिळवा, आणि ५१२ ने गुणा. ३७ वा सिलिंडर, हेड १, सेक्टर ५ म्हणजे फाइलमधला ६,९३,२४८ वा बाइट. चित्रांच्या किंवा आवाजाच्या फाइलमधला एखादा सेक्टर गेला तरी गेम पुष्कळदा चालतो. पण एआरजेने (झिपसारखा जुना प्रोग्रॅम) पाच-सहा फ्लॉप्यांवर तुकडे करून ठेवलेला गेम असेल तर एक सेक्टरही महागात पडतो, त्या फाइलीतलं पुढचं उलगडतच नाही. आणि हो, पुसलेल्या फाइलीही बघा. डॉस फाइल पुसताना डिरेक्टरीतलं नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि जागा मोकळी झाल्याची नोंद करतं, मजकूर पुढचं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो. कुणीतरी घरची पत्रं ठेवायला मोकळी केलेल्या फ्लॉपीत आधीचा गेम सापडू शकतो.

शाळांशी संबंध असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘क्लास’ योजनेत शाळांना एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले होते. त्यांच्या डीएफएस (फाइली ठेवण्याची त्यांची पद्धत) फ्लॉप्या एकेरी घनतेच्या असतात, प्रत्येक ट्रॅकवर २५६ बाइटचे १० सेक्टर. बऱ्याच पीसी कंट्रोलरांना एकेरी घनता कळतच नाही. ग्रीझवीझलला एकॉर्नचा फॉरमॅट सांगितला की ती विनातक्रार येते. दुसऱ्या बाजूला डीएफएस वेगळा ड्राइव्ह समजतो, म्हणून एकाच बाजूची इमेज काढून ‘फ्लॉपी अर्धी रिकामी आहे’ असा निष्कर्ष काढू नका. चालवायला बीबीसी मायक्रोची नक्कल करणारे प्रोग्रॅम: बीबएम किंवा ब्राउझरमधला जेएसबीब. स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाच्या कॅसेटवरच्या गेमसाठी मात्र या पाटीचा काहीच उपयोग नाही, तिथे चांगला टेपरेकॉर्डर आणि साउंड कार्ड लागतं.

डॉसच्या गेमसाठी इमेजमधल्या फाइली ७-झिपने उघडून फोल्डरमध्ये काढा आणि डॉसबॉक्स स्टेजिंगमध्ये (आजच्या संगणकावर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) तो फोल्डर माउंट करा. गेमला मूळ फ्लॉपी हवीच असेल तर इमेज ‘इमग्माउंट’ने ए ड्राइव्हवर लावा, अनेक इमेज एकदम दिल्या तर कंट्रोल-एफ४ ने फ्लॉपी बदलता येते. १९८० च्या दशकातले काही गेम डॉसशिवाय थेट सुरू व्हायचे, त्यांच्या फ्लॉपीत डिरेक्टरी दिसतच नाही. ती खराब समजून टाकू नका, ‘बूट’ कमांडने चालवून बघा. गेम वेड्यासारखा पळत असेल तर सायकल्स (डॉसबॉक्सचा वेग ठरवणारा आकडा) कमी करा: पहिल्या आयबीएम पीसीच्या वेगाला साधारण ३००, ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ ला सुमारे ६,०००. कंट्रोल-एफ११ ने वेग कमी होतो, एफ१२ ने वाढतो. ‘रनटाइम एरर २००’ आली तर फाइल खराब नाही. टर्बो पास्कलमधला वेग मोजणारा भाग जलद प्रोसेसरवर शून्याने भागाकार केल्यासारखा कोसळतो. सायकल्स उतरवल्या की गेम सुरू होतो.

कॉपी प्रोटेक्शनवाल्या फ्लॉपीत मात्र आयएमजी पुरत नाही. मुद्दाम बिघडवलेला सेक्टर किंवा दर वाचनाला वेगळं उत्तर देणारे कमकुवत बिट त्या फॉरमॅटमध्ये मावतच नाहीत, मग गेम स्वतःलाच चोरीचा समजून थांबतो. अशा वेळी एससीपीवरून एचएफई बनवून, गोटेक ड्राइव्हवर (फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह घेणारा) फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर टाकून खऱ्या यंत्रावर चालवणं हा चांगला मार्ग. फ्लॅशफ्लॉपीही फ्रेझर यांचंच. एचएफईतही सगळी प्रोटेक्शनं टिकतात असं नाही, म्हणून मूळ एससीपी कधीच पुसायची नाही.

तक्रारी आहेतच. उघडी पाटी टेबलावरच्या स्क्रूवर पडली तर शॉर्ट होते, तेव्हा डबी स्वतः करून घ्यावी लागते. मदतपानं आहेत पण ती माहितगारांसाठी लिहिलेली आहेत. ट्रॅक डोळ्यांनी बघायची सोय यात नाही, त्यासाठी एचएक्ससीचं सॉफ्टवेअर वेगळं घ्यावं लागतं. ‘रीड’ आणि ‘राइट’ या कमांडही दिसायला इतक्या सारख्या की फ्लॉपी लिहिण्यापासून सुरक्षित केलेली असणं हाच खरा विमा.

फ्लक्स वाचणारं दुसरं यंत्र, क्रायोफ्लक्स, यापेक्षा महाग आहे आणि संस्थात्मक वापरासाठी वेगळा परवाना मागतो. नाव मात्र त्याचं मोठं: चित्रकार अँडी वॉरहॉलची २०१४ मध्ये जाहीर झालेली अमिगावरची चित्रं त्यानेच बाहेर काढली. घरच्या पेटीतल्या पन्नासेक फ्लॉप्यांसाठी ते पैसे घालवायची गरज नाही. फक्त ॲपल टूच्या फ्लॉप्या असतील आणि हाताशी मॅक असेल तर ॲपलसॉस हे तसंच यंत्र घ्या, त्या कामात तो सरस आहे. घरात एकच फ्लॉपी आहे आणि ती पीसीची आहे, अशांनी यातलं काहीच घेऊ नये. ज्याच्याकडे ही पाटी आहे त्याच्याकडे फ्लॉपी घेऊन जावं. बाकीच्यांनी ग्रीझवीझल व्ही४ एक, ड्राइव्ह दोन, आयपीएची बाटली एक आणि सरावासाठी फेकून द्यायच्या दहा फ्लॉप्या एवढं सामान जमवावं, आणि जिवाभावाची फ्लॉपी अकरावी घालावी.